माळावर खड्डे घेण्याआधी

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, आठही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी, वन विभाग व सामाजिक वनीकरण विभागाचे अधिकारी, गावोगावचे सरपंच आणि ग्रामसेवक,
मराठवाडा

सविनय नमस्कार.

दर उन्हाळ्यात जिल्ह्याला वृक्षलागवडीचं उद्दिष्ट येतं. जिल्हा ते तालुक्यांना वाटून देतो, तालुका गावांना. मग तलाठी आणि ग्रामसेवक जागा शोधायला लागतात आणि बोट शेवटी दोनच ठिकाणी टेकतं: गावचं गायरान, नाहीतर वनखात्याचा माळ. एप्रिलमध्ये जेसीबी येतो, मे महिन्यात खड्डे मोजले जातात, जूनमध्ये रोपं लागतात आणि जुलैत फोटो वर जातात. अलीकडं त्याच जमिनीला दुसरा दावेदार आला आहे, तो म्हणजे सौर प्रकल्प. हे पत्र या दोन्ही निर्णयांबद्दल आहे.

आम्ही या माळांवर शेळ्या-मेंढ्या आणि देवणी, लाल कंधारी जनावरं पोसणारे, त्यांच्यावर उपचार करणारे आणि इथल्या गवतांचा अभ्यास करणारे लोक आहोत. झाडांना आमचा विरोध नाही. सौर विजेलाही नाही. दिवसा वीज मिळाली तर शेतकऱ्याला रात्री-अपरात्री साप-विंचवातून मोटार चालू करायला जावं लागणार नाही, हे आम्हालाही कळतं. आमचं म्हणणं जागेबद्दल आहे. माळ म्हणजे कधीकाळी जंगल होतं, ते तुटलं आणि उरली ती ओसाड जागा, असं धरून सगळं नियोजन होतं. ते धरणंच चुकीचं आहे. माळ मुळातच गवताचा आहे, तसाच पूर्ण आहे, आणि त्याच्यावर जगणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

बालाघाटच्या पठारावर पाटोदा, आष्टी, भूम, वाशीकडं जा. वीतभर माती, कुठं तेवढीही नाही. खाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. पाऊस साधारण सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत तुटक-तुटक येणारा, आणि मग आठ महिने कोरडे. एवढ्या पातळ मातीत दाट झाडी उभी राहत नाही, कारण उन्हाळा काढण्याइतका ओलावा मुरमात साठत नाही. गवत राहतं, कारण गवताचा जीव जमिनीखाली असतो. शेडा, पवना, मारवेल, डोंगरी ही बहुवर्षायू गवतं दिवाळीनंतर वरून वाळतात, पण ठोंब जिवंत राहतो आणि मृगाच्या पहिल्या दोन पावसांत पुन्हा फुटतो. त्यांची तंतुमुळं मुरमाच्या फटीफटीत शिरून माती धरून ठेवतात, पाण्याचा वेग मोडतात आणि पाणी मुरवतात. अधूनमधून बोर, हिवर, आपटा, पळस, खैर अशी विरळ झाडं, बाकी उघडं आकाश. माळाचं खरं रूप हे एवढंच आहे, आणि ते कालचं नाही. जुन्या मराठी ओव्या, अभंग, पोवाड्यांत आलेल्या झाडाझुडपांच्या नोंदी तपासून अभ्यासकांनी २०२५ साली दाखवून दिलं की पश्चिम महाराष्ट्रातला हा विरळ झाडांचा गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षं जुना आहे. ब्रिटिशांच्या काळात किंवा दुष्काळात जंगल संपून तो झाला, हा समज त्यानं मोडीत काढला. आपले माळही त्याच दख्खनच्या पठारावर, त्याच पाषाणावर आणि त्याच पर्जन्यछायेत आहेत.

या गवतात कोण राहतं, हे फायलीत कुठंच येत नाही म्हणून इथं लिहितो. लांडगा, खोकड, तरस, काळवीट, चिंकारा. माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल, भारीट. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी, जे उंच गवतात जमिनीवरच रात्र काढतात आणि दिवसभर नाकतोडे खातात. यातल्या लांडगा, काळवीट आणि चिंकारा यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, म्हणजे वाघाइतकंच कायदेशीर संरक्षण. पण लांडगा अभयारण्याची हद्द पाहून राहत नाही. त्याचा बहुतेक वावर गायरानं, पडीक जमिनी आणि मेंढपाळांच्या वाटांवर असतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ संपला आहे आणि साऱ्या देशाच्या रानात दीडशेच्या आसपासच उरले आहेत. आजूबाजूचे माळ तुटत गेले, तर मधला एक तुकडा राखून पक्षी वाचत नाही, हे नान्नजनं शिकवलं आहे.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार खड्ड्यांच्या वेळेची. माळावरचे पक्षी झाडावर घरटं करत नाहीत. माळटिटवी मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत उघड्या मुरमावर अंडी घालते. खड्यांच्या रंगाची ती अंडी चार पावलांवरूनही दिसत नाहीत. धाविक आणि पखुर्डीही जमिनीवरच. चंडोल गवताच्या ठोंबाच्या आडोशाला. खोकडाची पिलं याच दिवसांत बिळाबाहेर खेळायला लागलेली असतात. नेमक्या त्याच एप्रिल-मे महिन्यांत आपली यंत्रं माळावर फिरतात. जेसीबी चालवणाऱ्याचा यात काही दोष नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, आणि सांगणाऱ्याकडं ती माहिती नसते.

दुसरी तक्रार खड्ड्यांचीच, पण हिशेबाची. तीन बाय तीन मीटरवर लागवड धरली तर हेक्टरी १,१११ खड्डे होतात. साठ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घेतला तर हेक्टरमागे २४० घनमीटर, म्हणजे साधारण ८५ ब्रास मुरूम वर येतो. खड्ड्यांच्या तोंडानं चारशे चौरस मीटर गवत जातं. वर काढलेल्या ढिगाखाली त्याच्या दुप्पट-तिप्पट दबतं, आणि यंत्राच्या चाकांखाली आणखी. जुना ठोंब एकदा उपटला की त्या जागी गवत आपोआप परत येत नाही. उकरलेल्या मुरमावर आधी येतात तरोटा, रानतुळस आणि गाजरगवत, म्हणजे जनावरं तोंड लावत नाहीत ते सगळं. मग दोन वर्षांनी पाहणीला आलेला अधिकारी म्हणतो, इथं नुसतं तण आहे, जागा पडीकच आहे. ते तण खड्ड्यांनी आणलेलं असतं.

तिसरी पाण्याची. मुरमाड जमिनीतल्या रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला किमान दहा लिटर पाणी लागतं. हेक्टरी १,१११ रोपं, फेब्रुवारी ते मे असे सोळा आठवडे धरा: पावणेदोन लाख लिटरांहून जास्त. टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरनं माणशी दिवसाला वीस लिटर पाणी देतात. त्या मापानं एका हेक्टरच्या रोपांचं पाणी जवळपास ऐंशी माणसांना तेच सोळा आठवडे पुरतं. आणि रोप जगायला असे निदान तीन उन्हाळे काढावे लागतात. ज्या गावात मार्चमध्येच टँकर सुरू होतो त्या गावात हे पाणी कोण घालणार? कुणीच घालत नाही. म्हणून रोपं मरतात, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवी रोपं लागतात. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्यानं दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी अशी चढती उद्दिष्टं ठरवली होती. त्यातलं मराठवाड्याच्या माळावर काय जगलं, हे आज कुणीही त्या गटांवर जाऊन पाहावं.

जे जगलं ते बहुतेक गिरिपुष्प, ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात. ही चौथी तक्रार, आणि सगळ्यात जुनी. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं झाड. वाईट नाही, बांधावर, हिरवळीच्या खताला उपयोगाचं. पण त्याच्या पाल्याच्या वासानं इथली जनावरं तोंड फिरवतात. पाला सुकवून, थोडा थोडा देऊन सवय लावावी लागते, आणि माळावर मोकळं चरणाऱ्या कळपाला ती सवय कुणी लावत नाही. सावली दाट झाली की खालचा शेडा आणि पवना मरतो, कारण या गवतांना पूर्ण ऊन लागतं. गिरिपुष्पाची मुळं जमिनीत नत्र वाढवतात. शेतात ती चांगली गोष्ट. माळावर त्या नत्रावर माळाचं गवत वाढत नाही, तण वाढतं. फुलं येतात, शेंगा तडकतात आणि झाड आजूबाजूला पसरतं. वीस वर्षांनी हिरवा दिसणारा पण चरायला काही नसलेला पट्टा तयार होतो. सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी यांचीही हीच गत.

असं झाड निवडलं का जातं, याचं कारण आम्हाला माहीत आहे, आणि ते अधिकाऱ्यांच्या आळसात नाही. आपलं यश जिवंत रोपांच्या टक्केवारीवर मोजलं जातं. जी झाडं जनावरं खातात ती मरतात, टक्केवारी घसरते आणि खुलासा मागितला जातो. म्हणून जे कुणी खात नाही तेच लावणं शहाणपणाचं ठरतं. म्हणजे माळावर काय लावायचं ते माळाच्या उपयोगावर ठरत नाही, तक्त्यातल्या रकान्यावर ठरतं. हा रकाना बदलल्याशिवाय दुसरं काहीही बदलणार नाही. या पत्रातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहावी.

याच्याच जोडीला तेहतीस टक्क्यांचं ओझं येतं. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात देशाच्या एकूण क्षेत्रापैकी एक तृतीयांश क्षेत्र वनाखाली किंवा वृक्षाच्छादनाखाली असावं असं उद्दिष्ट आहे. ते देशाचं आहे, प्रत्येक जिल्ह्याचं नाही. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याच्याही खाली आहे, हे दर वर्षी लाज वाटावी अशा सुरात सांगितलं जातं. लातूरच्या काळ्या रानात शेती आहे आणि हलक्या रानात गवत. तिथं कोकणासारखं जंगल उभं करता येणार नाही, आणि ते नसणं हा त्या जमिनीचा दोष नाही.

पाचवी तक्रार सौर प्रकल्पांची. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं, सरकारी जमीन मात्र नाममात्र दरानं. साहजिकच आधी गायरानांची यादी निघाली. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. कुंपण पडतं, पॅनेलखालचं गवत छाटलं जातं किंवा तणनाशकानं मारलं जातं, आणि कळपाची वाट तुटते. वाट तुटणं ही गोष्ट कागदावर दिसत नाही. पाणवठ्याला जाणारा रस्ताच कुंपणात गेला तर उरलेलं गवतही उपयोगाचं राहत नाही. काळवीट कुंपणापाशी थांबून उपाशी मरत नाही. ते शेजारच्या हरभऱ्यात आणि ज्वारीत उतरतं, आणि मग शेतकरी आणि वनखात्याचं भांडण सुरू होतं. त्या भांडणाचं मूळ कुंपणात असतं.

कायदा इथं आमच्या बाजूला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवतात. त्याच संहितेत नंतर आलेलं कलम २२-अ सांगतं की गायरान दुसऱ्या कामाला वळवता येणार नाही. सार्वजनिक प्रकल्पासाठी वळवायचं तर दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसली पाहिजे. ही दुसरी जमीन शोधल्याची नोंद आम्हाला दाखवा. वन हक्क अधिनियम, २००६ मध्ये चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क सामूहिक हक्कांत स्पष्ट लिहिलेला आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ती नोंदवही उघडून पाहा. गवतांची पानं बहुतेक ठिकाणी कोरी आहेत, कारण नोंद घेणाऱ्यानं गावात बसून झाडांची नावं लिहिली आणि मेंढपाळाला काही विचारलं नाही.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो, म्हणजे या पत्राचा गैरवापर होणार नाही. मराठवाड्यातल्या गायरानांवर भूमिहीन दलित, भटके आणि आदिवासी कुटुंबांनी पोटासाठी शेती केली आहे. त्यासाठी मोठा लढा झाला आणि जुन्या अतिक्रमणांना शासन निर्णयांनी मान्यताही दिली आहे. त्या कुटुंबांना हटवा असं आम्ही म्हणत नाही. माळ वाचवण्याच्या नावाखाली त्यांच्यावर नोटिसा निघाल्या तर आम्ही त्यांच्या बाजूनं उभे राहू. चरणारी शेळी आणि कसणारा भूमिहीन बहुतेक वेळा एकाच घरातले असतात.

पैशाचा हिशेब मागितला जातो म्हणून तोही देतो. राखलेल्या माळावर हेक्टरी साधारण दीड ते तीन टन वाळलेलं गवत येतं. दोन टन धरा. त्यातलं निम्मं चारायचं, निम्मं ठोंबासाठी आणि बियांसाठी सोडायचं, हा नियम. चाळीस हेक्टरच्या गायरानातून चाळीस टन चारा मिळतो. तीनशे किलोच्या जनावराला दिवसाला सात किलो वाळला चारा लागतो. म्हणजे पाच हजार सातशे जनावरांचं एका दिवसाचं पोट. २०१९ च्या दुष्काळात चारा छावणीतल्या मोठ्या जनावरामागं सरकारनं वाढवत वाढवत दिवसाला १०० रुपयांपर्यंत दिले, आणि राज्यात सर्वांत जास्त छावण्या बीड जिल्ह्यात होत्या. त्या दरानं हा चारा साडेपाच लाखांहून जास्त किमतीचा होतो, दर वर्षी, एकही खड्डा न घेता. दुष्काळात उत्पादन निम्म्यावर येईल हे खरं. पण छावणी उघडायची वेळ महिना-दोन महिने पुढं ढकलायला तेवढं पुरतं. उस्मानाबादी शेळी, दख्खनी मेंढी, देवणी आणि लाल कंधारी ही जनावरं याच माळांवर घडली. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ज्यांची बोली लागते ती जनावरं गोठ्यातल्या पेंडीवर तयार झालेली नाहीत.

सगळे माळ चांगल्या स्थितीत आहेत असा आमचा दावा नाही. बरेचसे खराब झाले आहेत, आणि त्याला अतिचराई आणि दरसालचे वणवेही कारण आहेत. माळ बिघडल्याची खूण सोपी आहे. शेडा, पवना, मारवेल कमी होतात आणि कुसळी वाढते. कुसळीची टोकदार कुसळं मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत घुसतात, तोंडात जखमा करतात. त्याहून बिघडला की उघडा मुरूम आणि तरोटा. हे दुरुस्त करता येतं. खड्ड्यांहून कमी खर्चात करता येतं, म्हणून कृती सविस्तर लिहितो.

आधी माळ चालून पाहायचा आणि तीन भाग करायचे. जिथं पावलागणिक बहुवर्षायू गवताचा ठोंब आहे तिथं काहीही पेरायचं नाही, फक्त राखायचं. जिथं कुसळी जास्त आहे तिथं ती फुलोऱ्याच्या आधी, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला कापून काढायची. कोवळी असताना ती चारा म्हणून चालते आणि बी पडत नाही. सलग दोन-तीन वर्षं असं केलं की बाकीच्या गवतांना जागा मिळते. पेरणी फक्त उघड्या पडलेल्या तुकड्यांवर.

बी जवळच्याच चांगल्या माळावरचं घ्यायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कणीस फिकट पडायला लागलं की हातानं ओरबाडून घ्यायचं, आठवडाभराच्या अंतरानं दोन-तीन फेऱ्या करून, कारण ही गवतं एकदम पिकत नाहीत आणि पिकलं की बी लगेच गळतं. एकाच फेरीत उरकणाऱ्याच्या हाती निम्मा भुसा येतो. सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवायचं. ताजं बी उगवत नाही. त्याला काही महिन्यांची सुप्तावस्था असते, म्हणून ते पुढच्या जूनलाच वापरायचं. बी हलकं आणि केसाळ असतं, वाऱ्यानं उडतं, मुंग्या नेतात. एक भाग बी, तीन भाग चाळलेली माती आणि एक भाग शेणखत पाण्यात कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करायच्या. हेक्टरी पाच-सहा किलो बी पुरतं. जमीन नांगरायची नाही. दाताळ्यानं वरवर ओरखडायची आणि गोळी वरच टाकायची. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेलं बी बाहेर येत नाही. नांगरलेल्या माळावर पेरणी फसते ती याच कारणानं.

मारवेल ठोंबानं लावलेला बरा. जुन्या ठोंबाचे दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करायचे, पात वीतभर ठेवून छाटायची, मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी लावायचे. पन्नास बाय पन्नास सेंटिमीटरवर हेक्टरी चाळीस हजार ठोंब लागतात, म्हणून हे काम मोकळ्या तुकड्यांपुरतंच. घाई करू नये. पहिल्याच पावसावर लावलं आणि मग पंधरा दिवस उघडीप पडली की सगळं वाळतं. एकूण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन मुरूम ओला झाला की लावायचं. रोजगार हमीतून या कामाला मजुरी देता येईल. बी गोळा करणं आणि ठोंब लावणं ही बायकांच्या हातची कामं आहेत, आणि ती गावातच मिळतील.

मग राखण. गायरानाचे चार भाग करायचे. दर वर्षी एक भाग जूनपासून बी पडेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरअखेर, पूर्ण बंद. बाकीच्या तीन भागांत पाळीपाळीनं चराई. पुढच्या वर्षी बंद भाग बदलायचा. सगळं गायरान एकदम बंद करू नये. तसं केलं की गाव पहिल्याच महिन्यात कुंपण मोडतं, आणि त्यात गावाची चूक नसते, कारण शेळी थांबू शकत नाही. बंद भागातलं गवत नोव्हेंबरमध्ये जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर ठेवून कापायचं आणि वाटून घ्यायचं. कापणी झाली की जाळायला काही उरत नाही, वणव्याची भीती अर्ध्याहून कमी होते. उरलेल्यासाठी डिसेंबरात, गवत पूर्ण वाळायच्या आत, हद्दीनं तीन ते सहा मीटरचा जाळपट्टा काढायचा. मार्चमध्ये लागलेली आग ठोंबाचा गाभा जाळते. त्यानं पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं हा गैरसमज गावसभेत बोलून काढावा लागेल.

आणि झाडं? झाडांना जागा भरपूर आहे. रस्ते रुंद करताना गेलेले वड, चिंचा, आंबे, लिंब परत लावा. ती सावली आम्हीही गमावली आहे. ओढ्याकाठी करंज, जांभूळ, उंबर लावा. शेताच्या बांधावर, शाळेत, गावठाणात, दवाखान्याच्या आवारात लावा, जिथं मातीही आहे आणि पाणी घालणारा माणूसही. माळावर लावायचीच तर हेक्टरी दहा-वीस, बोर, हिवर, आपटा, पळस अशी, तीही काट्याची फांदी रोवून आणि जागेवर बी टोकून.

आमच्या मागण्या अशा:

१. वृक्षलागवडीच्या जागांच्या यादीतून बहुवर्षायू गवत असलेले माळ आणि गायरानं वगळा. जागा ठरवण्याआधी ऑक्टोबरमध्ये, गवत फुलोऱ्यात असताना, पाहणी करा. मे महिन्यात माळ पाहून काहीच कळत नाही.

२. मार्च ते जून या काळात माळावर कोणतंही यंत्र नेऊ नका.

३. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि निलगिरी यांची माळावरची लागवड बंद करा. जिथं लागली आहे तिथं ती टप्प्याटप्प्यानं काढून लाकूड गावाला द्या.

४. तक्त्यात ‘जिवंत रोपांची टक्केवारी’ या रकान्याबरोबर माळासाठी वेगळे रकाने करा: हेक्टरी वाळला चारा, बहुवर्षायू गवतांचं प्रमाण, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची नोंद. गवत राखलेलं क्षेत्र उद्दिष्टात धरा, म्हणजे ग्रामसेवकाला खड्डे घेण्याची सक्ती राहणार नाही.

५. सौर प्रकल्पांसाठी आधी शासकीय इमारतींची छपरं, उपकेंद्रांच्या आवारातल्या जागा आणि भाड्यानं द्यायला तयार असलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घ्या. सव्वा लाखाचं भाडं कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात गेलं तर आम्हाला आनंदच आहे. गायरान द्यायचंच असेल तर कलम २२-अ प्रमाणे दुसरी जमीन का मिळाली नाही ते लेखी जाहीर करा, आणि पाणवठ्याची वाट कुंपणाबाहेर ठेवा.

६. गायरानाबाबतच्या प्रत्येक ग्रामसभेला त्या गावात चराई करणारे पशुपालक आणि हंगामात येणारे मेंढपाळ यांना बोलवा. ते गावचे मतदार नसतात म्हणून त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. सभा दिवाळीनंतर ठेवा, कळप तेव्हा याच भागात असतात.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आहे. त्यानिमित्त कार्यक्रम होतील, फलक लागतील. आमची विनंती आहे की प्रत्येक जिल्ह्यानं निदान एका तालुक्यातल्या पाच गायरानांवर वर लिहिलेली पद्धत तीन वर्षं राबवावी आणि त्या तीन वर्षांचे चाऱ्याचे आकडे जाहीर करावेत. बी आम्ही गोळा करून देऊ, माणसं शिकवू, त्याचं मानधन मागणार नाही.

येत्या हंगामाच्या खड्ड्यांच्या निविदा निघण्याआधी या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावं. ज्या गटांवर खड्ड्यांच्या खुणा आधीच पडल्या आहेत, त्यांचे गट क्रमांक आम्ही त्या त्या तहसील कार्यालयात लेखी देत आहोत.

आपले,
मराठवाड्यातले मेंढपाळ, शेळीपालक, पशुवैद्य आणि गवताचे अभ्यासक